आठ जर्नलांतली एक बाई

पंचवटीत आमचं घर भाजी बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं आणि त्या घरात घड्याळाची गरज कधी पडली नाही. टेम्पोंचे फाळके धाडधाड पडायला लागले की पहाटेचे साडेचार, लिलावाचा आरडाओरडा चढला की सहा, आणि देवळांकडून परतणाऱ्या गुरुजींच्या स्कूटरी गल्लीत अडकून हॉर्न मारायला लागल्या की माझी कॉलेजची बस सुटायला दहा मिनिटं उरली, असा आमचा हिशेब. दादा, म्हणजे माझे वडील, त्या बाजारात मापाडी होते. मोजताना पहिल्या मापाला ते ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. लाभ, दोन, तीन, चार. घरात टोपल्यातल्या भाकरी मोजायच्या झाल्या तरी तेच. कोथिंबिरीची जुडी नुसती हातात धरून ही सायखेड्याची की गिरणाऱ्याची ते सांगत, आणि सांगताना मलाही परीक्षा घेतल्यासारखं विचारत. त्यामुळे कुठल्या गावच्या मातीत काय पिकतं हे मला शाळेच्या भूगोलाआधी पाठ झालं होतं. मी मेडिकलला लागले तेव्हा दादांनी बाजारभर पेढे वाटले. आमच्या वस्तीतून डॉक्टर होणारी मी पहिलीच. मग काय, सकाळी बसकडे निघाले की गाडीवाल्या बाया हात पुढे करून नाडी दाखवायच्या, हमाल पाठीवरची गाठ दाखवायचे, आणि दादा तराजूमागून ओरडायचे, “अरे, जाऊ द्या तिला, डॉक्टरीण हाय ती, उशीर होतोय.” मी तेव्हा शरीररचनेच्या पहिल्या धड्यावर होते.

कॉलेज शहराबाहेर माळावर होतं. पहिलं वर्ष मी घोकंपट्टीच्या जोरावर तारून नेलं. दुसरं वर्ष संपलं, वॉर्ड सुरू झाले आणि निमकर सर आले. ते मेडिसिन शिकवायचे. आधीच सांगते, माणूस वाईट नव्हता. सकाळी सातला वॉर्डात हजर, पेशंटच्या उशाशी उभे राहून छातीचे आवाज ऐकायला शिकवावेत तर त्यांनीच. पण त्यांची शिकवायची एक पद्धत होती. वर्गात पहिल्या बाकापासून प्रश्न सुरू व्हायचा. ज्याला येणार नाही तो उभा. उभा राहिलेल्याला पुन्हा बसायचं असेल तर एकच वाट होती: पुढे एखाद्या बसलेल्याचं उत्तर चुकलं पाहिजे आणि ते उभ्याने बरोबर दिलं पाहिजे. मग उभा बसणार आणि बसलेला उभा राहणार. “बसायचं असेल तर दुसऱ्याला उठवा,” असं ते हसून म्हणायचे. त्यांच्या सरांनी त्यांना असंच शिकवलं होतं म्हणे. तासभर उभं राहिल्याने कुणी मरत नाही हे खरंच. पण उभ्या उभ्या मी मनात काय करत होते ते मला माहीत आहे. माझ्या शेजारी बसून जी मैत्रीण माझ्याबरोबर डबा खायची, तिचं उत्तर चुकू दे म्हणून मी धावा करत होते. हे आठवड्यातून चार तास. मी म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेतली, उत्तर यायचं तरी इंग्रजीत जुळवेपर्यंत सरांचं बोट पुढे सरकलेलं असायचं; तास संपेपर्यंत कसंबसं पुन्हा बसायला मिळायचं.

आमच्या सोळा जणांच्या बॅचमध्ये दोघंच जण या खेळातले नव्हते. एक शिरीष. आईवडील दोघंही डॉक्टर, बंगला, स्वच्छ इंग्रजी. त्याला येत नाही असं कधी झालंच नाही. सगळी बाकं उभी राहिली की सर म्हणायचे, “शिरीष, सांग यांना,” आणि शिरीष खाली बघत, काहीतरी कबूल केल्यासारखं हळू आवाजात उत्तर सांगायचा. त्याच्या मुठीत कायम एक रुमाल असायचा, तास संपेपर्यंत पिळून निघालेला. आम्हाला ती त्याची ऐट वाटायची. स्वभावाने मात्र सोन्यासारखा. नोट्स मागितल्या आणि दिल्या नाहीत असं नाही. दुसरा काशिनाथ. सुरगाण्याकडच्या डोंगरातला, आश्रमशाळेत शिकून आलेला. तो दुसऱ्या टोकाला: बसलाच नाही कधी. वर्ग सुरू झाला की पाच मिनिटांत उभा आणि शेवटपर्यंत उभा. पुढे पुढे तर तो प्रश्न यायच्या आधीच उभा राहायचा, आणि आम्ही हसायचो. मीसुद्धा हसायचे.

गंमत, म्हणजे तेव्हाची गंमत, अशी की वॉर्डात काशिनाथवाचून कुणाचं पान हलत नसे. पेठ-सुरगाण्याकडचे पेशंट आमच्या शहरी प्रश्नांना नुसते मान हलवायचे. काशिनाथ कॉटवर टेकायचा, त्यांच्या बोलीत दोन शब्द बोलायचा आणि म्हातारीसुद्धा घडाघडा सांगायला लागायची: दुखणं, सुनेचं वागणं, बैलाचं आजारपण, सगळं. तो ते मराठीत आम्हाला सांगायचा, आम्ही त्याचं इंग्रजी करायचो आणि सरांपुढे मांडून शाबासकी घ्यायचो. त्याची स्वतःची पाळी आली की त्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. “पेशंटशी मराठी, माझ्याशी इंग्रजी,” सर म्हणायचे. आणि एकदा, भर वॉर्डात, त्याच म्हातारीसमोर म्हणाले, “तू आमचा दुभाषी आहेस की विद्यार्थी? एकदा ठरव.” पेशंटलाही हसू आलं, कारण सगळे हसले. काशिनाथही हसला. मी रोज दोन डबे न्यायचे, एक त्याचा. होस्टेलच्या मेसचं जेवण त्याला सोसत नसे. त्या दुपारी त्याने डबा उघडलाच नाही, “पोट भरलंय” म्हणाला. मी आग्रह केला नाही, कारण एव्हाना माझाही डबा तसाच परत जायला लागला होता.

ते कधी सुरू झालं ते नेमकं सांगता येणार नाही. जानेवारी असावा. आधी जेवणाची चव गेली. आईच्या हातची कांद्याच्या पातीची भाजी म्हणजे माझा जीव की प्राण, ती तोंडात नुसती फिरायची. आई बिचारी रोज नवं काही करायची: आज शेंगोळे, उद्या मठाची भाजी, परवा ठेचा जरा कमी तिखट. माझ्या ताटात उरलेलं बघायची आणि काही न बोलता आत न्यायची. मग पहाटे टेम्पो यायच्या आधीच जाग यायला लागली, आणि फाळके पडायला लागले की छातीत धस्स व्हायचं, दिवस सुरू झाला म्हणून. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसायची, वाक्य लागायचं नाही. सगळं जग चांगलं आहे आणि माझंच कुठेतरी चुकतंय, एवढं एकच वाक्य डोक्यात न अडखळता वाजायचं. याला नाव आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही, आम्हाला ते शिकवत होते! पण पुस्तकातलं दुखणं पुस्तकातल्या माणसाला होतं. आपल्याला होतो तो आळस. आमच्याकडे रडायला वेळ असलेल्या माणसाला काम नाही, असंच समजायचे.

आता जर्नलविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. प्रत्येक विषयाच्या वॉर्डात ठरावीक पेशंटच्या केस लिहून एक जाडजूड वही भरायची, तिला जर्नल म्हणतात. त्यावर सरांची सही मिळाली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत. खरे पेशंट तपासून जर्नल भरणारा विद्यार्थी मी पाहिलेला नाही. सीनियरचं जर्नल आणायचं आणि वय, गाव बदलून उतरवायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मानसोपचाराची पोस्टिंग दोन आठवड्यांची. त्या विषयाला परीक्षेत मोल नव्हतं, म्हणून शिकवणाऱ्या पाठक सरांनाही नव्हतं. ते आठवड्यातून दोन दिवस पुण्याहून यायचे, सतत शिंकायचे आणि कुणावर ओरडायचे नाहीत, त्यामुळे त्यांना कुणी भीकही घालत नसे. दहा केस लिहायच्या होत्या. माझ्या नऊ उतरवून झाल्या. दहावी नैराश्याची हवी होती आणि सीनियरच्या जर्नलातलं नेमकं तेच पान फाटलेलं होतं. तेव्हा एका रविवारी सकाळी, आई पलीकडे कोथिंबीर निवडत असताना, मी बुद्धाच्या तसबिरीखाली बसून स्वतःच एक बाई तयार केली. सुशीला, वय बावीस, अविवाहित, शिवणकाम करणारी, राहणार विंचूर. विंचूरला माझी मावशी राहायची आणि तिच्याकडे शिलाई मशीन होतं, एवढ्यावर बाई उभी राहिली.

मानसोपचाराच्या जर्नलची एक खासियत आहे. बाकी सगळं इंग्रजीत, पण पेशंटच्या तक्रारी त्याच्याच भाषेत, त्याच्याच शब्दांत, जशाच्या तशा लिहायच्या असतात. साडेचार वर्षांच्या शिक्षणात मराठीत लिहायला परवानगी असलेल्या त्या चार-पाच ओळीच. मी लिहिलं: “जेवण तोंडात फिरतं, गिळवत नाही. पहाटे जाग येते आणि उजाडूच नये असं वाटतं. पूर्वी मशीनवर बसले की गाणं म्हणायचे, आता मशीनचा आवाज ऐकवत नाही. सगळे चांगलेच आहेत, माझंच काहीतरी चुकतंय.” लिहिताना मला आपण किती हुशार असं वाटलं. खरं सांगते, त्या पाच महिन्यांत पहिल्यांदाच मला काही लिहिताना बरं वाटलं. ही बाई मीच आहे हे माझ्या ध्यानातही आलं नाही. कुणी हसेल, पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा असतो.

केस झकास झाली अशी बातमी फुटली आणि माझं जर्नल बॅचभर फिरलं. सात जणांनी ती उतरवली. शिरीषनेही, कारण त्याला असल्या बिनमोलाच्या विषयासाठी वेळ कुठला, आणि काशिनाथनेही. गाव बदलायचेसुद्धा कष्ट कुणी घेतले नाहीत. पंधरा दिवसांनी पाठक सर जर्नलांचा गठ्ठा घेऊन वर्गात आले, शिंकले आणि म्हणाले, “विंचूरची एक शिवणकाम करणारी मुलगी तुमच्यापैकी आठ जणांना भेटली आहे. मला नाही भेटली. मला तिला भेटायचं आहे. तिला कोण आणतं?” हशा झाला. मग आम्ही आठही जण आपोआप उभे राहिलो. “उभे का राहिलात? बसा ना,” सर म्हणाले. कुणी बसलं नाही. कसं बसायचं तेच आम्हाला कळेना. सर म्हणाले, “मी रागावलेलो नाही. ज्याने हे पहिल्यांदा लिहिलं त्याने गुरुवारी मला येऊन भेटावं.” आणि बॅचची लीडर म्हणून गठ्ठा माझ्याच हातात दिला, वाटून टाक म्हणून.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी गठ्ठा घरी आणला होता आणि दुपारी एकेक वही उघडून बघत बसले. चांगल्या हेतूने नव्हे. माझी गोष्ट कुणी किती बिघडवली ते मला बघायचं होतं. सहा जणांनी जशीच्या तशी उतरवली होती, मी खोडलेला शब्दसुद्धा वगळून, मुकाट. सातवी वही काशिनाथची. त्याचं अक्षर मोठं, आश्रमशाळेत पाटीवर गिरवल्यासारखं. तक्रारी तंतोतंत माझ्याच. पण खाली दोन ओळी जास्त होत्या: “यंदाची आवणी तेवढी उरकून देईन. मग माझ्या हातांची कोणाला गरज नाय.”

आवणी म्हणजे भाताची लावणी. डोंगराकडे तिला आवणीच म्हणतात. मी ते वाचलं आणि मला हसू आलं. विंचूर म्हणजे कांदा! तिथे कुठला भात आणि कुठली आवणी? मापाड्याच्या मुलीला ही चूक पहिल्यांदा दिसली. वेड्याने बाई विंचूरची ठेवली आणि पीक आपल्या गावचं लावलं, असं म्हणून मी पान उलटलं. आणि मग हात थांबला. उतरवताना माणूस गाळतो, कुणी स्वतःहून दोन ओळी वाढवतं का? तो चार दिवसांची रजा टाकून आदल्या संध्याकाळीच गावी गेला होता. आवणीसाठी.

पाठक सर गुरुवारपर्यंत पुण्यात. निमकर सरांकडे जायचा विचारही मनात आला नाही. काशिनाथच्या गावात फोन नव्हता. दादा नुकतेच बाजारातून येऊन जेवायला बसले होते. मी वही त्यांच्यापुढे धरली आणि म्हणाले, “दादा, सुरगाण्याकडे जायचंय. आत्ता.” ते दोन ओळी वाचून म्हणाले, “हे कोण्या बाईचं दिसतंय. त्या पोराचा काय संबंध?” मी सांगायला लागले की बाई खोटी आहे, मी बनवलेली आहे. “बनवली तर बनवली. मग त्यात खरं काय?” दादांनी विचारलं. मापाडी माणूस, काटा स्थिर होईपर्यंत सोडायचा नाही. तिथे मला कळलं की काशिनाथचं खरं सांगायचं तर आधी माझं खरं सांगावं लागणार आहे. त्याच्या त्या दोन ओळी त्याच्या असतील तर वरच्या चार कुणाच्या होत्या?

“बाई नाही दादा,” मी म्हणाले, “ती मी आहे.”

दादांनी हातातला घास ताटात ठेवला. चारही ओळी पुन्हा वाचल्या, ओठ हलवत. “कधीपासून?” “जानेवारीपासून.” “आणि मी बाजारभर डॉक्टरीण डॉक्टरीण करत हिंडतोय,” ते म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू येईना. आई चुलीपाशी उभी होती. ती म्हणाली, “मला वाटायचं, माझाच हात बिघडला.” पाच महिने ती बाई रोज नवी भाजी करत होती ती या समजुतीने. मला तेव्हा जे रडू कोसळलं ते आजही आठवलं की लाज वाटत नाही, उलट तेवढं रडता आलं याचं बरं वाटतं. दादा उठले, हात धुतले. “तुझं आपण बघू. तू समोर हायेस. आधी त्याला बघू, तो समोर नाय,” एवढंच बोलले आणि पिशवी घेतली. आईने चार भाकरी बांधून दिल्या.

पेठच्या रस्त्याने एसटी घाट चढत होती. मध्येच दादांनी विचारलं, “मशीनवर बसून गाणं म्हणायची ती बाई. तू पुस्तक घेऊन गुणगुणायचीस, ते ना?” मी हो म्हणाले. “तेच. घर गप झालंय असं वाटायचं मला. मी म्हटलं, अभ्यास वाढला.” फाट्यावर उतरून कोसभर चालावं लागलं. काशिनाथ खाचरात होता. गुडघाभर चिखल, वाकलेला, शेजारी त्याची आई आणि बहीण. आम्हाला बघून त्याची आई बांधावर आली, पदराला हात पुसत. “या, या. वाट कशी सापडली? चिखलाचे दिस हायेत, बसाया जागा नाय बघा.” दादांनी चपला काढल्या, पॅन्ट वर दुमडली आणि रोपांची जुडी उचलून सरळ चिखलात उतरले. जन्मात त्यांनी भात लावला नव्हता. त्यांनी खोचलेलं प्रत्येक रोप मागोमाग पाण्यावर तरंगायला लागलं. काशिनाथ काही वेळ बघत राहिला आणि मग खळखळून हसला. “दादा, मूळ खाली दाबायचं असतं.” त्याला असं हसताना मी कॉलेजात कधी पाहिलं नव्हतं.

नंतर तो आणि मी बांधावर बसलो. मी वही पिशवीतून काढली. “विंचूरला भात कुठे होतो रे?” मी विचारलं. त्याने वहीकडे पाहिलंही नाही. पायाचा चिखल खरवडत राहिला. “सरांनी वाचलं?” “वाचलं. पण ते पुण्याचे. त्यांना विंचूर काय आणि सुरगाणा काय.” “मग झालं तर,” तो म्हणाला. मी म्हणाले, “मी वाचलंय ना. दादांनी वाचलंय.” खाचरातून दादांचा आणि त्याच्या आईचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, “मला वाटलं, ती बाई सांगतेच हाय तर माझं पण तिच्याच नावावर सांगून टाकू. कोणाला कळनार हाय.” आणि माझ्याकडे वळून, “ती कोण हाय गं? खरी हाय?”

“मी,” मी म्हणाले.

“तू?” तो म्हणाला. “तू तर बसलेली असतीस.” मी रडत रडत हसले. आणि मग तो बोलला. सगळं बोलला, त्याच्या बोलीत. मी दुभाष्याशिवाय ऐकलं आणि मला सगळं कळलं. रात्री त्याच्या घरी नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी होती. मी अर्धी खाल्ली. चव आली असं म्हणणार नाही, पण गिळली गेली. दादांनी त्याच्या आईला काय सांगितलं ते मला आजवर माहीत नाही. एवढं खरं की पुढचे दोन दिवस दादा तिथेच राहिले, आवणी लावत, काशिनाथला नजरेआड न होऊ देता, आणि बुधवारी आम्ही तिघं मिळून नाशिकला आलो. बाजारात दादांनी सुट्टी घेतल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

गुरुवारी पाठक सरांनी आमच्यासाठी सगळी ओपीडी थांबवली. काशिनाथची वही पुन्हा वाचली आणि म्हणाले, “मी हे वाचून बरोबरची खूण केली होती. मला कळलं नाही.” मोठा माणूस आपली चूक आपल्यासमोर कबूल करतो हे आम्ही त्या इमारतीत प्रथमच पाहत होतो. औषधं सुरू झाली. दर गुरुवारी आम्ही दोघं त्यांच्याकडे जायचो. काशिनाथची एक टर्म गेली. पण तो डॉक्टर झाला, आज त्याच्याच तालुक्यात आहे, आणि त्याच्या दवाखान्यात कुणाला दुभाषी लागत नाही. मलाही बरं व्हायला वर्ष लागलं. एका सकाळी ठेचा तिखट लागला आणि मी पाणी मागितलं, तेव्हा आईने आधी पाणी दिलं आणि मग डोळे पुसले.

हे मी अनेकदा अनेकांना सांगितलं आहे. पुढे मीही वीस वर्षं शिकवलं आणि नव्या मुलांना ही गोष्ट दरवर्षी सांगायचे. हल्लीची मुलं नाजूक झाली आहेत असं कुणी म्हणालं की मी तावातावाने सांगायचे. नाजूक नव्हेत, आम्हीही नव्हतो. फक्त तेव्हा मोजत कुणी नव्हतं. एकदा मात्र माझ्याच तोंडून एका मुलीला “उभी राहा” निघून गेलं, आणि ती ज्या चपळाईने उभी राहिली ते बघून मी तास तिथेच संपवला. तर गोष्ट सांगताना मी नेहमी काशिनाथपाशी थांबायचे. दोन ओळी जास्त होत्या, त्या मी ओळखल्या, एक जीव वाचला. टाळ्या पडण्याजोगी गोष्ट आहे. राहिलेलं मी आजवर लिहिलं नव्हतं.

शिरीष गेला तेव्हा आमचा शेवटचा निकाल लागायला आठवडा होता. त्याने स्वतःच स्वतःला संपवलं. चिठ्ठी नाही, भांडण नाही, काही नाही. निकाल लागला तेव्हा तो पहिला आलेला होता. निमकर सर त्याच्या बंगल्याच्या फाटकाशी भिंतीला धरून उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, “त्याला मी एकदाही उभं केलं नाही हो. एकदाही नाही.” त्यांचा त्या दिवशी मला राग आला नाही. त्याच्या आईने मला आत नेलं, त्याच्या टेबलावर वह्यांची चळत होती, आणि त्यात मानसोपचाराचं जर्नल वरच होतं. ते तिथे का होतं मला ठाऊक नाही. दोन वर्षांपूर्वी सही मिळून त्याचं काम संपलं होतं. मी ते उघडलं नाही. त्यात काय आहे ते मला पाठ होतं. त्याने एक अक्षरही बदललं नव्हतं, आणि मी वह्या तपासताना नेमकी बदललेली अक्षरंच शोधत होते. काही बदलण्याची गरज ज्याला पडली नसेल, त्याचा विचार मी केला नाही.

आणि एक दुपार आठवली. सुरगाण्याहून आल्याच्या दुसऱ्या आठवड्यातली. मी वह्या वाटत कॉरिडॉरमधून चालले होते, घाईत होते, काशिनाथला पाठक सरांकडे न्यायचं होतं आणि आपण काहीतरी मोठं काम करतो आहोत अशी जरा ऐटही अंगात होती. शिरीषला त्याची वही दिली. त्याने ती घेतली, पण तो हलला नाही. रुमाल या मुठीतून त्या मुठीत घेत म्हणाला, “वंदना, ती विंचूरची मुलगी... बरी झाली का गं पुढे?”

“अरे, खोटी आहे ती,” मी चालता चालता म्हणाले. “अशी कुणी मुलगीच नाही.”

“असं होय,” तो म्हणाला, आणि वही काखेत मारून लेक्चरला गेला.